नावेतली पुढची जागा

महिन्यातल्या दोन शनिवारी माझी बायको गुणगुणते. एरवी तिच्या घशातून सूर निघत नाही. ती शाळेत गणित शिकवते, घरी येऊन वह्या तपासते आणि माझ्याशी अदबीनं बोलते. पण त्या दोन शनिवारी दुपारी ती शाळेतून येते, साडी सोडून जुनी सलवार चढवते, रबरी तळव्यांचे बूट पिशवीत टाकते आणि स्वयंपाकघरातून तिचं गुणगुणणं सुरू होतं. कुठलं गाणं ते कळत नाही. मी गाडी काढतो. टावर चौकातल्या गर्दीतून बाहेर पडून देवासचा रस्ता लागेपर्यंत ती गप्प बसलेली मी पाहिलेली नाही. भोपाळच्या तलावावर आज वारा कसा असेल, याची चर्चा ती उज्जैनपासूनच माझ्याशी करते. मी पाणीपुरवठा खात्यात नोकरी करून निवृत्त झालेला माणूस. माझं पाणी नळातलं. मला पोहताही येत नाही.

हे लचांड माझ्या मेहुण्यानं आमच्यामागे लावलं. तो भोपाळला सरकारी इंजिनिअर आहे आणि तलावाकाठच्या एका क्लबाचा मेंबर आहे. तिथे शिडाच्या नावा आहेत, हिरवळ आहे, वेताच्या खुर्च्या आहेत आणि संध्याकाळी कांद्याची भजी मिळतात. आमची मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली आणि घर अगदी ओकंबोकं झालं, तेव्हा मेहुणा म्हणाला, जीजाजी, शनिवार-रविवार इकडे येत जा, ताईला बरं वाटेल. मला भजी आणि खुर्ची डोळ्यांपुढे दिसली. मी हो म्हणालो. माणूस आपल्या पायावर धोंडा पाडून घेतो तो असाच, भज्यांच्या नादानं.

पहिल्या रविवारी मेहुण्यानं आम्हां सगळ्यांना त्याच्या मोठ्या नावेत बसवलं. तो, त्याची बायको, आम्ही दोघं, आणि उज्जैनहून नेलेल्या शेवेचा डबा. वाऱ्यानं नाव एका अंगाला कलली की सगळ्यांनी वरच्या बाजूला सरकायचं, म्हणजे ती सरळ होते. मी प्रत्येक वेळी उलट्या बाजूला सरकलो. शेवटी मेहुण्यानं मला मध्ये बसवलं आणि म्हणाला, जीजाजी, तुम्ही फक्त वजन. सगळे हसले. बायकोही हसली, पण लगेच माझ्याकडे पाहून तिनं हसू आवरलं. मला ते तेव्हा फार आवडलं होतं. नवऱ्याचा मान राखणारी बाई आहे, असं वाटलं.

तेव्हापासून मी हिरवळीवर असतो आणि ती पाण्यावर.

तिथे दोघांच्या छोट्या नावा असतात. मागे बसलेल्याच्या हातात सुकाणू आणि मोठं शीड. कुठे जायचं, कधी वळायचं, हे तो ठरवतो. पुढे बसलेल्याच्या हातात छोट्या शिडाची दोरी. मागच्यानं सांगितलं की ओढायचं आणि सांगितलं की सोडायचं, बस. नाव वळताना मोठ्या शिडाखालचा आडवा दांडा या बाजूचा त्या बाजूला सपकन जातो, तेव्हा दोघांनीही वाकायचं. न वाकणाऱ्याचं कपाळ सुजतं. म्हणून मागचा माणूस ओरडतो. सांगत बसायला वेळच नसतो. पाण्यावर कोणी लहान-मोठं नाही, कोणी साहेब नाही, असा त्या क्लबाचा रिवाज आहे. कलेक्टर कचेरीतला मोठा अधिकारी पुढे बसला असेल तर त्याच्याच हाताखालचा कारकून मागून त्याच्यावर खेकसतो. आणि जेटीला परतल्यावर, जो ओरडला त्यानं दुसऱ्याला स्वतःच्या हातानं चहा आणून द्यायचा. मग ते ओरडणं संपलं. त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत माझी बायको मागे बसायला लागली होती. मेहुणा सगळ्यांना सांगत सुटला की ताईला वारा गालावर कळतो. मला तिचा गाल तीस वर्षं माहीत आहे, त्याला असलं काही कळतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तिच्या नावेत पुढे बसायला एक डेंटिस्ट मिळाला. त्याचा आधीचा जोडीदार बदलीवर गेला होता. डॉक्टर आमच्याहून पाच-सात वर्षांनी लहान, टक्कल पडलेला, सुटलेल्या पोटाचा आणि सदा हसतमुख. त्याच्यात हेवा करावा असं एकही अंग नव्हतं. हीच तर माझी पंचाईत होती. देखणा असता तर निदान चारचौघांत तोंड वाकडं करता आलं असतं.

आता मी जे सांगतो ते नीट ऐका, कारण लोकांचा इथे गैरसमज होतो. मला संशय नव्हता. संशय येण्यासारखी ती बाई नाही आणि डॉक्टर तर नाहीच नाही. मला मत्सर वाटत होता. संशय घेणाऱ्याला निदान शोधायला काहीतरी असतं. माझ्या पुढ्यात सगळं उघड्यावर, भर उन्हात, दुर्बीण न लावता दिसत होतं आणि तरीही माझ्या अंगाचा तिळपापड होत होता.

त्याचं कारण तिचा आवाज. "डॉक्टर, खींचो! अरे खींचो ना! सो रहे हो क्या?" पाण्यावरून हा आवाज हिरवळीपर्यंत येतो. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी मान वळवून पाहिलं की ही कोण बाई. मग "छोड़ो, छोड़ो, छोड़ो!" आणि मग "झुको!" त्या एका शब्दात जी सत्ता होती, जो आपलेपणा होता, तो माझ्या वाट्याला कधीच आला नव्हता. माझ्याशी ती अशी बोलते: अहो, जरा वेळ असेल तर तो वरचा डबा काढून देता का. अहो, तुम्हाला त्रास नसेल तर. मी तिच्या तोंडून अर्ध्या शब्दाचा हुकूम ऐकला नव्हता, आणि हा टकलू दर पंधरा दिवसांनी बादलीभर ऐकून घेत होता. वर जेटीला आल्यावर ती त्याला चहा आणून देत होती. दोन्ही हातांनी. तोही असा घ्यायचा जणू सत्यनारायणाचा तीर्थप्रसाद.

डॉक्टरची बायको माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून शेंगा सोलत असे. तिला पाण्याची हौस नाही. मी एकदा आडून विचारलं की तुमच्या नवऱ्याला कोणी एवढं बोलतं, तुम्हाला काही वाटत नाही? ती म्हणाली, घरी मी बोलते, इथे भाभी बोलतात, तेवढाच मला आराम. आणि तिनं सोललेले दाणे माझ्यापुढे सरकवले. एवढ्या समाधानी बाईचा मला फार राग येतो.

आठवडाभर उज्जैनात सगळं नेहमीसारखं चाले. सकाळी पोहे, दुपारी माझी झोप, संध्याकाळी फिरून येणं. माझ्या फिरायच्या मंडळीत सगळे निवृत्त. कोणाची बायको तडतडी, कोणाची सून. माझ्या घरात आवाज चढत नाही याचं त्यांना कौतुक. मीही कॉलर ताठ करून सांगत असे की आमच्याकडे पहिल्यापासून तशीच पद्धत आहे, घराणंच दरबारातल्या चिटणिसांचं, बोलणं मोजूनमापून.

एकदा मात्र जे झालं ते सांगतो. शिडाच्या दोन्ही बाजूंच्या तारांना कापडाच्या चिंध्या बांधतात, वारा कुठून येतो ते त्या फडफडीवरून कळतं. तिनं आमच्या पलंगावरची भैरवगढची छापील चादर काढली, कडेला विरलेली होती, आणि तिच्या दोन लांब पट्ट्या फाडल्या. लाल बुट्ट्यांच्या. आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी स्वतः भैरवगढला जाऊन, छापणाऱ्याकडे बसून रंग निवडून आणलेली चादर. आणि आता त्या पट्ट्या डॉक्टरच्या डोक्यावर फडफडणार. मी काही बोललो नाही. मी बोलणारा माणूसच नाही. फक्त त्या रात्री माझी भूक मेली, आणि पुढचे दोन-तीन दिवस वर्तमानपत्र जरा जास्त वेळ वाचत होतो. तिनं तिसऱ्या दिवशी साबुदाण्याची खिचडी केली, वाटीत दही, दह्यावर साखर, आणि ताट माझ्यासमोर ठेवून हळूच विचारलं, "अहो, पट्ट्या काढून आणू का?" मी म्हणालो, राहू दे, मला काय त्याचं. खिचडी झकास झाली होती.

मग दिवाळीनंतर क्लबातली मंडळी देवदर्शनाला उज्जैनात आली. मेहुणा, त्याची बायको, डॉक्टर आणि त्याची बायको. मला वाटलं, आता माझी पाळी. इथे मी सुकाणूवर. दर्शनाची रांग मी लावून दिली, जेवण कुठे चांगलं मिळतं ते मी ठरवलं, आणि संध्याकाळी सगळ्यांना राम घाटावर नेलं. ओळखीच्या गुरुजींनी आम्हांला पुढे बसवलं. आरती झाली. मग मी हौसेनं एक नाव ठरवली, आपली साधी वल्ह्यांची, आणि घाटाची माहिती सांगायला सुरुवात केली. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत बायकोनं मान वर केली. डॉक्टरनंही त्याच क्षणी केली. दोघं एकमेकांना म्हणाली की वारा पश्चिमेकडे फिरला. त्या घाटावर मी लहानाचा मोठा झालो. माझ्या मुंजीनंतरची आंघोळ तिथली. वारा फिरला की नाही हे मला समजलं नाही. मी पुढची माहिती सांगितलीच नाही.

परतताना डॉक्टर पायऱ्या चढताना मागे राहिला, माझ्या खांद्यावर हात टाकला आणि म्हणाला, "भाईसाब, आप किस्मतवाले हो. हमें तो भाभीजी से सिर्फ डाँट मिलती है. आपसे कितने अदब से बात करती हैं." तो मनापासून बोलत होता. माझ्या मनात आलं, याला इथेच ढकलून द्यावं, क्षिप्रेत कंबरभर पाणी आहे, बुडणार नाही.

त्या रात्री अंथरूण घालताना मी बायकोला सांगितलं की जानेवारीतल्या जोडी-शर्यतीत तुझ्यापुढे मी बसणार. ही क्लबाची वर्षातली मोठी शर्यत. तीत माझी बायको आणि डॉक्टर पहिले-दुसरे येतील असं सगळे धरून चालले होते. तीही धरून चालली होती. कॅलेंडरवर त्या रविवारी तिनं पेन्सिलीनं छोटं शीड काढलं होतं, ते मी पाहिलं होतं. ती उशीला अभ्रा घालत होती, थांबली. म्हणाली, तुम्हाला पाण्याची भीती वाटते ना? मी म्हणालो, लाइफ जॅकेट असतं. ती म्हणाली, दोरी हाताला कापते. मी म्हणालो, माझे हात काय लोण्याचे आहेत? तिनं अभ्रा पूर्ण घातला, उशी थोपटली आणि म्हणाली, "बरं. तुमची इच्छा असेल तर तसं करू."

डॉक्टरनं मोठ्या मनानं जागा सोडली. मला सराव द्यायला तो स्वतः दोन रविवार किनाऱ्यावर दोरी बांधून बसला. माझ्या हातांवर फोड आले, तर त्याच्याच बॅगेतलं मलम. कोणाचा मत्सर करावा आणि त्यानं आपल्यालाच मलम लावावं, यासारखी दुसरी शिक्षा नाही.

शर्यतीच्या दिवशी थंडी होती आणि वारा भरपूर. पाण्यावर तीन पिवळे फुगे, त्यांना वळसा घालून परत यायचं. शिट्टी वाजली. सुरुवात आमची खरंच बरी झाली. मी पुढे बसलो होतो, पाठीमागे तिचा श्वास ऐकू येत होता, आणि मला असा आनंद झाला की काय सांगू. मी वाट पाहत होतो. आता ओरडेल. आता म्हणेल, ओढ. झोपला आहेस का म्हणेल.

"अहो," मागून आवाज आला, "ती उजवीकडची दोरी जरा ओढून घेता का? थोडीशीच." मी ओढली. तेवढ्यात बाजूनं एक नाव निघून गेली, तीत कोणीतरी कोणावर तरी आई-बापाचा उद्धार करत ओरडत होतं. "अहो, आता थोडी सैल केली तरी चालेल." आणखी एक नाव गेली. मी मान वळवून सांगितलं की मोकळेपणानं सांग, मला चालेल. ती हो म्हणाली आणि ओठ आवळून पुढे पाहू लागली. तिच्या गळ्याची शीर उडत होती. शब्द तिथपर्यंत येऊन परत जात होता, हे मला अगदी स्पष्ट दिसलं.

पहिला फुगा आला. "अहो, आता आपण वळू या हं, तेव्हा तुम्ही जरा डोकं" एवढं माझ्या कानांवर पडलं. मग दांडा कपाळावर बसला. मी नावेच्या तळाशी गेलो, दोरी सुटली, छोटं शीड फडाफडा वाजायला लागलं. ती एका हातानं सुकाणू आणि दुसऱ्या हातानं माझी कॉलर धरून "लागलं का हो, फार लागलं का?" असं विचारत राहिली. आम्ही सर्वांच्या शेवटी परत आलो. शेवटून दुसरे आणि आमच्यात एवढं अंतर होतं की पंचांनी घड्याळ खिशात घातलं होतं.

जेटीवर मेहुण्याच्या बायकोनं बर्फ दिला. जिकडेतिकडे चहा चालला होता, एकमेकांवर ओरडलेली माणसं एकमेकांना कप आणून देत होती. मलाही चहा मिळाला, वेटरकडून. बायको माझ्यावर ओरडलीच नव्हती, तर ती कशाला आणेल? रिवाज तो रिवाज. डॉक्टर धावत आला, माझं कपाळ पाहिलं, दातही हलवून पाहिले. मग तिच्याकडे वळून म्हणाला, "भाभीजी, चिल्लाईं क्यों नहीं?" ती दूर पाण्याकडे पाहत होती, जिथे फुगे ओढून आणत होते. तिचा चेहरा असा होता की मी नजर काढून घेतली.

परतताना गाडी तिनं चालवली, कारण माझ्या डाव्या डोळ्यावर सूज उतरली होती. सिहोरच्या पुढे तिनं गाणी लावली, तीही गुणगुणू लागली, अगदी हळू. मला वाटलं, हीच वेळ आहे. मी विचारलं, डॉक्टरवर ओरडतेस, माझ्यावर का नाही? मी काही परका आहे का? एक हाक मारली असतीस तर आपण पुढे असतो.

तिनं पुढचा ट्रक ओलांडला. मग म्हणाली, "डॉक्टरवर ओरडले की ते चहा पिऊन विसरून जातात. तुमच्यावर एकदा जरी आवाज चढला ना, तर मला आठ दिवस घरात चवड्यांवर चालावं लागतं. तुम्ही जेवत नाही. पेपर घेऊन बसता. मी तीस वर्षं विचार करूनच बोलून राहिली आहे हो, आता नावेत एकदम कसं जमेल?"

तिच्या आवाजात राग नव्हता. गणितातली पायरी फळ्यावर लिहावी तसं तिनं सांगितलं. माझ्या ओठांवर आलं की मी काही असा नाही. पण ते वाक्य तोंडातच राहिलं, कारण मला खिचडी आठवली, दह्यावरची साखर आठवली, आणि अशा किती खिचड्या मी मिटक्या मारत खाल्ल्या असतील, ते मनात येऊ लागलं. टकल्या डॉक्टरला शिव्या मिळत होत्या आणि मला मान मिळत होता. आणि त्या क्षणी त्याचा जेवढा हेवा वाटला तेवढा आधी कधीच वाटला नव्हता. मी खिडकीबाहेर पाहत बसलो. गव्हाची शेतं मागे जात होती. मी खरंच फक्त विचार करत होतो.

आष्ट्याच्या जवळ माझ्या लक्षात आलं की गाडीत शांतता आहे. गुणगुणणं थांबलं होतं. तिनं गाणी कधी बंद केली ते मला कळलंच नाही. गाडीचा वेगही तिनं उतरवला होता, खड्ड्यापाशी ती अगदी अलगद ब्रेक दाबत होती, आणि मधूनमधून आरशात नव्हे, माझ्याकडे तिरक्या नजरेनं पाहत होती.

"अहो," ती हलक्या आवाजात म्हणाली, "पुढे चहा चांगला मिळतो. थांबू या का, तुम्हाला चालणार असेल तर?"

तिचे आठ दिवस सुरू झाले होते, आणि मी तर अजून रुसलोही नव्हतो.